मिठीकाठचे चाकरमानी

भर उन्हाळ्यात, सगळी चाळ गंजीफ्रॉकवर बसलेली असताना, माकडटोपी घालून घराबाहेर पडणारा माणूस मी परळमध्ये एकच पाहिला. आमच्या मजल्यावरचे भिकाजी गावडे. थंडी वाजत असेल म्हणावं, तर टोपीतून घाम ओघळत असतो. एकदा न राहवून विचारलं, तर म्हणाले, "टक्कल चमाकता रे. बगळे उडान जातत."

गावडेकाका मिठी नदीवर पक्षी बघायला जातात. एकटेच. मी येऊ का म्हटलं, तर दोघं गेले की नुसत्या गप्पा होतात म्हणून मला कटवतात. बसने धारावीपर्यंत जायचं आणि तिथून काठाकाठाने चालायचं. त्या काठावर आपल्याला नाकाला रुमाल लावूनही उभं राहवत नाही. काका उन्हं डोक्यावर येईपर्यंत रमतात. एकदा पुलावर हवालदाराने हटकलं, उन्हाळ्यात तोंड झाकून इथं काय करताय म्हणून. काकांनी शांतपणे सांगितलं, गावची माणसं भेटायला आलोय. हवालदाराने खाली वाकून पाहिलं. चिखलात चार शेकाटे लांब लाल पायांवर उभे होते. त्याने काकांना हाताला धरून रस्त्यापर्यंत पोचवलं.

काकांचा सिद्धांतच तसा आहे. मे महिन्यात आम्ही सगळे चाकरमानी कोकणात गावी जातो आणि चाळ ओस पडते. त्याच वेळी, काकांच्या मते, गावच्या नदीवरचे पक्षी मुंबईला येतात. "आपण थंय, ते हंय. कोणीतरी जागा राखूक नको?" पाठीवर तांबूस पिसं फुटलेली ढोकरी दिसली की ती त्यांच्याच नदीवरची. पाणकावळा पंख वाळवत बसलेला दिसला, तर तो त्यांच्याच घाटावरच्या दगडावर बसणारा. मी म्हटलं, काका, पाणकावळे सगळीकडे सारखेच दिसतात. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू काही मी त्यांच्या नात्यातल्या कुणाचा अपमान केला होता.

हसून हसून पुरेवाट व्हायची आमची. पण काका स्वतः गावी का जात नाहीत, हे कळलं तेव्हा हसू आटलं.

त्यांच्या घरामागे नदीच्या काठावर करंजाचं मोठं झाड होतं. त्यावर ढोकऱ्यांची घरटी. खाली अंगणात घाण पडते म्हणून धाकट्या भावाने, दाजीने, ते तोडलं. पिल्लांसकट. काका त्या दिवशी गावातच होते. पुन्हा या घरात पाय ठेवणार नाही, असं ओरडून त्यांनी पिशवी उचलली. मुंबईची गाडी घाट चढायच्या आधीच त्यांचा राग उतरला होता, हे त्यांनीच मला सांगितलं. पण आता दाजीने बोलवायला हवं होतं. "बोलावल्याशिवाय कसो जांव?"

तेव्हापासून शिमगा झाला की काका बॅग भरतात. मोबाईल फळीवर ठेवतात आणि त्यावरून कुणालाही फोन करत नाहीत. नेमका दाजीने फोन केला आणि लाईन बिझी लागली तर काय घ्या? जून उजाडला की बॅग रिकामी करतात. ते कपडे परत खुंटीला लावताना मी त्यांना पाहिलंय.

माझं गाव त्यांच्या नदीच्या पलीकडे. यंदा मी काकांना न सांगता नदी ओलांडून गेलो. म्हटलं, दाजीच्या हातापाया पडू, पण एक फोन करायला लावू. घराला कुलूप होतं. शेजारच्या बाईने सांगितलं, दाजी गेल्या पावसाळ्यात वारले, बायको मुलाकडे सुरतेला गेली. मुंबईच्या भावाला कुणी कळवलं का, हे तिला ठाऊक नव्हतं. नदीत डबकी उरली होती. एक पक्षी दिसला नाही.

परत आलो तर काका जिन्यातच उभे. मी त्या बाजूला गेलो होतो, हे कुणीतरी आधीच बोललं होतं. तिथे जिन्यात, त्या तोंडाकडे बघून, मला खरं सांगवेना.

"दाजीकाका भेटले," मी म्हटलं. "म्हणाले, भिकाक सांग, घर तुझाच आसा. ये म्हणावं."

काका कठड्याला धरून पायरीवर बसले. मग खाली बघतच म्हणाले, "तेचा सुतक पाळलंय मी गेल्या श्रावणात. कोणाक सांगूक नाय."

मला जागच्या जागी मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी माझा हात धरून मला शेजारी बसवलं.

"ऱ्हवांदे," ते म्हणाले. "परत एकदा सांग. काय म्हटल्यान तेना?"

मी परत सांगितलं.