एका हाळीवर

नोकरी बदलताना बाकीची माणसं घर बघायला जातात, अंगण बघून भुलतात आणि मग जन्मभर कुरकुरतात. मी त्यातला नाही. मी आधी कागद घेतो. त्यावर दोन उभ्या रेघा मारतो, तीन रकाने करतो आणि मगच घराचं तोंड बघतो. "तुम्ही आमचं लग्नही असंच ठरवलं असणार," असं सुनयना, म्हणजे माझी बायको, म्हणते. ते खरं आहे, पण तिला मी अजून कबूल केलेलं नाही.

रामनगरातल्या पाइपांच्या दुकानात चौदा वर्षं काढल्यावर मला गणेशगुडीला नोकरी लागली. काळी नदीच्या काठावर एक लॉज आहे, तिथे मॅनेजर. मालकीण भाग्यलक्ष्मी अक्का. माझी मुलाखत त्यांनी भाजी निवडता निवडता चार मिनिटांत उरकली.

"काम शिकवता येतंय, वेळ शिकवता येत न्हाई," अक्का म्हणाल्या. "पाव्हणी सकाळी आठला राफ्टसाठी गोळा होत्यात. सोमवारी आठला टेबलावर मॅनेजर पायजे. पहिल्याच दिवशी उशीर झाला तर तसंच माघारी जायचं."

माघारी जायची माझी सोय राहिली नव्हती. निरोपाचा हार माझ्या गळ्यात होता तेव्हाच दुकानमालकांनी आपला भाचा माझ्या खुर्चीवर बसवला होता, आणि तो खुर्ची खालीवर करून बघत होता. म्हणजे सोमवार, सकाळी आठ, यावर माझं सगळं अवलंबून होतं.

कागद काढला. पहिला रकाना रामनगर. घर वडिलांचं, भाडं नाही, पण बसमध्ये जाऊन येऊन तीन तास आणि वर कंबर जाणार ती वेगळीच. दुसरा रकाना गणेशगुडी. तिथे महिन्याचं भाडं विचारलं तर प्रत्येक जण रात्रीचा दर सांगायचा, नाश्त्यासकट. एकाने तर "महिनाभर राफ्टिंग करणार काय?" म्हणून काळजीने विचारलं. त्या दराने राहिलो असतो तर मी लॉजवर मॅनेजर आणि सुनयना लॉजवर पाव्हणी, असा संसार झाला असता.

तिसरा रकाना रिकामाच होता. शेवटचा हिशेब द्यायला दुकानात गेलो, तर तिथे परशूमामा आले. हे फणसगाळीचे कुणबी शेतकरी, वर्षातून दोनदा पाइप न्यायला यायचे. फणसगाळी म्हणजे जंगलातली सात-आठ घरं. त्यांच्या घराला लागून दोन खोल्या रिकाम्या होत्या. भाडं विचारलं तर मामा लाजले आणि म्हणाले, "द्या की काय तरी. लाकडं, पाणी, फणस आमचंच हाय."

"आणि अक्कांचं लॉज तिथून किती लांब?"

"लॉज व्हय? एका हाळीवर."

मी तिसऱ्या रकान्यात लिहिलं: अंतर, एक हाळी. येण्याजाण्याचा खर्च, शून्य. आमच्या रामनगरात हाळी म्हणजे समोरच्या टपरीवर दोन चहा सांगताना लागतो तेवढा आवाज. म्हणजे मी दारातून निघणार आणि चपला पायात नीट बसायच्या आत ऑफिसात पोचणार. "एकदा जाऊन बघून तर या," सुनयना म्हणाली. मी तिला कागद दाखवला.

रविवारी दुपारी टेंपो फणसगाळीत पोचला. अंगणात उतरलो आणि छाती फुगली. समोरच लॉज! लाल कौलं, बाहेर वाळत घातलेली नारिंगी जॅकेटं, ओट्यावर चहा पिणारी माणसं. त्यांच्या बशीतली बिस्किटं मोजता आली असती.

"बघ," मी सुनयनाला म्हणालो.

"बघतेय. मध्ये नदी आहे."

नदी होती. चांगली रुंद, हिरवीगार, आणि माझ्या कागदावर कुठेच नसलेली.

"मामा, पूल कुठाय?"

"पूल हाय की. तिकडं गणेशगुडीला. रस्त्यानं डोंगराला वळसा घालून जातंय. बसनं दीड तास धरा."

"अहो, तुम्ही एका हाळीवर म्हणालात!"

"हाय की." मामा अंगणाच्या कडेला गेले, तोंडाभोवती तळवे धरले आणि अशी हाळी दिली की टेंपोवाल्याने दचकून हँडब्रेक ओढला. "ओऽऽ गुणाऽऽ! उद्याऽऽ सकाळीऽऽ!" आवाज सरळ पाण्यावरून गेला. पलीकडे स्वयंपाकघरातून एक माणूस बाहेर आला, हात हलवला, आणि तिकडून बारीक "होऽऽय" आलं. "आयकलं न्हवं?" मामा म्हणाले.

खरं सांगतो, एवढ्या संतापातही मला त्या गळ्याचं कौतुक वाटलं. आमच्या भागात मोबाइलला रेंज मिळवायला लोक झाडावर चढतात, आणि हा साठीचा माणूस अंगणातून नदी ओलांडतो. पण आवाज पोचून माझं काय भागणार होतं? अक्कांना आठ वाजता टेबलावर मॅनेजर हवा होता, त्याचा आवाज नाही.

"अवो पर आयका तरी, नागराजअण्णा..." मामा मला म्हणत होते.

"काही ऐकायचं नाही. मी बसनंच जाणार," मी म्हणालो आणि आत जाऊन गजर लावला.

मामांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा नदीकडे, आणि ते अगदी समजुतीने गप्प झाले. ते का गप्प झाले हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

सोमवारी पहाटे उठलो. बस फाट्यावर सहा वीसला येते, आणि फाटा म्हणजे पायवाटेने अर्धा तास खाली. सगळं वेळेत होतं, फक्त एक बूट सापडेना. तो बटाट्याच्या पोत्यात निघाला. निघायला दहा मिनिटं उशीर झाला आणि माझा चेहरा पडला.

"काळजी करू नका," परशूमामा म्हणाले. "बस थांबवतो."

मी खाली पळत असताना मागून त्यांची हाळी ऐकली. "येसाजीऽऽ! मॅनेजर येतोयऽऽ! बस थांबवाऽऽ!" खालच्या वळणावरच्या येसाजीने ती उचलून पुढच्या घराला दिली, त्यांनी त्याच्या पुढच्या. असा निरोप माझ्याआधी फाट्याकडे उतरायला लागला. माझं मन भरून आलं. काल आलेल्या भाडेकरूसाठी अख्खं रान घसा ताणत होतं.

फक्त एक गोष्ट झाली होती. रानात हाळी देताना शब्द एकमेकांत मिसळतात. मामांनी दिलेलं "बस थांबवा" येसाजीच्या कानात पोचेपर्यंत "बसवा, थांबवा" झालं होतं.

वळणावर येसाजी वाटेत आडवाच उभा. उंच, मिशाळ माणूस. ओट्यावर घोंगडं अंथरलेलं.

"या, मॅनेजर. बसा."

"नको हो, बस!"

"व्हय, बसाच म्हणतोय."

"अहो, बस चुकेल!"

"चुकायचं काय त्यात? हितं टेका की."

मी बाजूने निसटायला गेलो, तर त्याने माझ्या खांद्यावर प्रेमाने हात ठेवला. पाइप वाकवायचं यंत्र आमच्या दुकानात होतं, त्याची मला आठवण झाली. मी बसलो. गुळाचा काळा चहा आला. तो पाव शेर होता आणि कढत होता. फुंकून फुंकून संपवला तोवर येसाजीने हाळी देऊन वर कळवलं, "बसवलाऽऽय!" आणि वरून मामांचं समाधानाचं "बेसऽऽ" आलं. त्यांच्या हिशेबाने मी बसमध्ये बसलो होतो.

पुढच्या घरी पारूआज्जी तयारच होती. तिने तर माझं मनगट धरलं. "बस रं बाळा. हाळी आलीया, तुला सोडायचं न्हाई." पानावर उकडलेले कंद आणि मीठ-मिरची. मी घड्याळ दाखवलं. तिने ते कौतुकाने उलटंसुलटं करून बघितलं आणि आणखी एक कंद वाढला. रडू येत होतं, पण कंद फार चवदार होते. एवढे गोड कंद मी आयुष्यात खाल्ले नव्हते आणि एवढ्या दुःखात तर नक्कीच नाही.

फाट्यावर पोचलो तेव्हा सव्वासात वाजून गेले होते. आणि बस उभी होती. इंजिन बंद. ड्रायव्हर पायरीवर बसून विडी ओढत होता, बाया खाली उतरून फुलांच्या माळा करत होत्या, एक जण आडवा होऊन घोरत होता. कुणाच्या चेहऱ्यावर आठी नाही.

"झाला चहा?" ड्रायव्हरने विचारलं.

"तुम्हाला कसं माहीत?"

"हाळी आली हुती की. मॅनेजर येसाजीकडं बसलाय. म्हटलं पाव्हणा हाय, हू दे निवांत."

मला माझ्या दैवाचा राग आला होता, पण त्या माणसांचा येईना. जगात कुठली बस अनोळखी माणसाचा चहा संपेपर्यंत थांबते? मात्र अक्का थांबणाऱ्यातल्या नव्हत्या. त्या दीड तासात मी दुकानमालकाच्या भाच्याच्या पाया पडायची तीन वाक्यं पाठ केली.

लॉजच्या दारात पोचलो तेव्हा नऊला पाच कमी होते. मान खाली घालून आत गेलो. टेबलावर मॅनेजर बसलेला होता. माझी जागा गेली हे कळायला तेवढं पुरे होतं. मग मान वर केली.

मॅनेजर म्हणजे सुनयना होती. समोर वही, कानामागे पेन. "ज्यांना पोहता येत नाही त्यांनी हात वर करा. लाजू नका, नदी लाजत नाही," ती पाव्हण्यांना सांगत होती. आणि चांगले दांडगे दांडगे पुरुष हात वर करत होते.

"तू इथे कशी?"

"तुम्ही डबा विसरलात. द्यायला आले. होडीनं."

"कुठली होडी?"

तिच्यामागे उभा असलेला गुणा, म्हणजे कालचा हात हलवणारा माणूस, माझ्याकडे अपार दयेने बघत होता. "सायब, एका हाळीवर म्हंजे हाळी मारायची की होडी येती. पाच मिंटं. काल मामांनी सांगिटलं हुतं, उद्या सकाळी म्हणून. मी सातपासनं तुमच्या काठाला होडी लावून बसलो हुतो."

"मग मामांनी मला का नाही सांगितलं?"

सुनयनाने गुणाकडे बघितलं आणि हसू दाबलं. "त्यांना वाटलं तुम्ही पाण्याला भिता. भ्यालेल्या माणसाला 'भितोस काय' म्हणून विचारायचं नसतं, असं म्हणाले. फार जपलं हो तुम्हाला."

तेवढ्यात अक्का आल्या. मी पाठ केलेल्या तीन वाक्यांतलं पहिलं तोंडापर्यंत आणलं.

"आठला सोमवार सुरू झाला," अक्का म्हणाल्या. "टेबलावर कोण हुतं? ही. आली डबा घेऊन, बघितलं टेबल मोकळं, पाव्हणी ताटकळलेली, आणि न सांगता कामाला लागली. रडणारी दोन पोरं गप्प केली. बंगळूरच्या बाईला खोली बदलून पायजे हुती, तिला त्याच खोलीत खूश केलं. मला काय सुचंना, मी भाजी निवडत बसले." त्या सुनयनाकडे वळल्या. "उद्यापासनं तूच ये ग. पगार यांच्याशी बोललेय तोच."

सुनयनाने माझ्याकडे बघितलं. ती नाही म्हणाली असती, मला माहीत आहे. मी एक शब्द बोललो असतो तर वही मिटून उठली असती. पण चौदा वर्षं मी तिला घरात बघत होतो आणि असं टेबलामागे बसलेलं कधी बघितलं नव्हतं. मला तिचा इतका अभिमान वाटला की रकाने, नोकरी, भाचा, सगळं क्षणभर विसरलो.

"ती माझ्यापेक्षा चांगली आहे, अक्का," मी म्हणालो. आणि डबा उचलून निघालो.

"थांबा की," अक्का म्हणाल्या. "कुठं चाललाय? आमचा बाजार करायला माणूस टिकत न्हाई. भाजी, मासळी, किराणा सगळं बसनं आणावं लागतंय. जायची बस चुकली की पाव्हणी उपाशी." त्या जवळ आल्या आणि पहिल्यांदाच माझ्याकडे आदराने बघून म्हणाल्या, "तुमच्यासाठी आज बस थांबली म्हणं. तासभर. आमच्या आमदारासाठी पण थांबत न्हाई ती."

तर आता आमच्या घरात दोन पगार येतात. सुनयना सकाळी अंगणात उभी राहून हाळी देते आणि होडीत बसून पाच मिनिटांत कामाला लागते. मी पायवाटेने फाट्यावर उतरतो, वाटेत येसाजीकडे चहा आणि पारूआज्जीकडे कंद होतात. पगार माझा तिच्याहून कमी आहे. पण ही नोकरी मला बायकोच्या वशिल्याने नव्हे, स्वतःच्या कर्तबगारीवर मिळाली, असं मी बसमध्ये सगळ्यांना सांगतो. ड्रायव्हर तेवढा हसतो.