सत्कारमूर्तीची चिठ्ठी

डॉ. गीतांजली इंगोले यांचा शोधनिबंध परदेशातल्या एका नामांकित जर्नलने, शेवटचा एक प्रयोग शनिवारपर्यंत पुरा करून पाठवण्याच्या अटीवर, स्वीकारला. ही बातमी अमरावतीतल्या त्यांच्या महाविद्यालयात पोचली आणि प्राचार्य गावंडे यांनी तातडीने सत्कार समिती नेमली. समितीत निबंध वाचलेला एकही माणूस नव्हता, त्यामुळे मतभेदाचा प्रश्नच आला नाही.

संशोधन असं होतं : कोंबडीच्या अंड्यात डोळा घडत असताना आतल्या पेशी वरच्या कातडीच्या पेशींना रासायनिक सिग्नल धाडतात, 'आता तुम्ही भिंग व्हा.' सिग्नल वेळेत पोचला तर भिंग होतं, नाहीतर कातडीची कातडीच राहते. वरच्या पेशी हा सिग्नल नेमका कितव्या तासाला ऐकतात, हे गीतांजली तीन वर्षं शोधत होती. परतवाड्याहून आणलेली चाळीस अंडी इन्क्युबेटरमध्ये होती आणि बुधवारी दुपारी दोनलाच उघडायची होती.

सत्काराचा मुहूर्त निघाला बुधवारी, बारा वाजता.

"सर, दिवस बदलता येईल का?"

"अध्यक्षसाहेब त्याच दिवशी मोकळे हायेत, मॅडम. अंडे का कुठी पळून जाऊन राहिले?"

व्यासपीठामागे फलक होता : 'चष्मामुक्त वऱ्हाडाच्या जननी'. चष्म्याशी आपला काडीचाही संबंध नाही, असं तिने सांगून पाहिलं. "लोकाईले चष्माच समजते," प्राचार्य म्हणाले, "सिग्नल म्हटलं तं राजापेठच्या चौकात जाऊन उभे राहातीन."

संस्थेचे अध्यक्ष खुशालराव अकोल्याहून निघाले होते. दीड वाजेपर्यंत ते निघालेलेच होते. पावणेदोनला गीतांजली उठली, तेव्हा प्राचार्यांनी आधीच अंगावर घातलेल्या शालीचं टोक धरून तिला खाली बसवलं. सत्कारमूर्तीच उठून गेली तर अध्यक्षांनी हार कुणाच्या गळ्यात घालायचा? मोबाइल तर व्यासपीठाची शिस्त म्हणून आधीच काढून घेतला होता.

तिने चिठ्ठी लिहिली : 'पुंजाजींना सांगा, दोनच्या आत अंडी फ्रीजमध्ये ठेवा.' थंडीत अंड्यातली वाढ थांबते. तेवढ्याने तीन वर्षं वाचणार होती. तिचे परिचर पुंजाजी इन्क्युबेटरशेजारी स्टुलावर बसून तिच्या एका शब्दाचीच वाट पाहत होते. चिठ्ठी प्राचार्यांकडून उपप्राचार्यांकडे आणि तिथून सूत्रसंचालक प्रा. अश्विन यांच्याकडे, अशी योग्य मार्गाने गेली. व्यासपीठावर चिठ्ठी फिरते ती कुणाचं तरी नाव घ्यायचं राहिलं म्हणून, हे शेंबडं पोरही सांगेल. अश्विनसरांनी नावापुरती वाचली. पुढचं वाचायची पद्धत नाही.

"आपल्या प्रयोगशाळेचे श्रीयुत पुंजाजी यांनी सत्कारासाठी व्यासपीठावर यावं!"

आवारभर कर्णे लावले होते. पुंजाजी धावतच आले. शाल, श्रीफळ, टाळ्या.

"पुंजाजी, अंडी?" ती कुजबुजली.

"पेटीतच हायेत, मॅडम. मी हाललो नसतो. पण माह्यं नाव पुकारलं, मंग यावंच लागलं. पंचवीस वर्सांत पयल्यांदा पुकारलं."

त्यांचे डोळे भरले होते. त्यांच्यावर रागावणं तिला जमलं नाही. बाकी सगळ्यांचा तिला मनापासून संताप आला. आता पुंजाजींनाही उठता येईना, कारण शाल अंगावर पडलेला माणूस आभारप्रदर्शनापर्यंत मंचाचा असतो.

खुशालराव अडीचला आले आणि पन्नास मिनिटं बोलले. "ताईनं आपल्या सगळ्याईले दृष्टी देल्ली!" असं म्हणून त्यांनी, ताईंच्या स्मृतिचिन्हांसाठी ताईंचीच प्रयोगशाळा रिकामी करून तिथे गौरव दालन उभारण्याची घोषणा केली. सर्वांत जास्त टाळ्या तिथेच पडल्या.

साडेचारला तिने अंडी उघडली. चाळीसही गर्भांनी आपापला सिग्नल ऐकून, भिंगाचं काम पुढे नेलं होतं. तो कधी ऐकला, ते सांगणारी वेळ टळून गेली होती. नवी अंडी लावायला प्रयोगशाळा उरली नव्हती, आणि शनिवारही गेला. जर्नलने तीन ओळींत दिलगिरी कळवली. ते पत्र महाविद्यालयाने, इंग्रजीत होतं म्हणून, फ्रेम करून गौरव दालनात लावलं.

सत्काराचा फोटो तुमच्याही मोबाइलवर आला होता. तुम्ही 'अभिमान!' लिहून, हात जोडून पुढे पाठवलात. आता तिचं संशोधन नेमकं काय शोधत होतं, ते वर न पाहता सांगा. आठवत नसेल तर संकोच नको, एक चिठ्ठी पाठवा. तुमचंही नाव घेऊ.