लोटू खजिनदाराची अफरातफर

सुरतच्या नवागामात लोटू खजिनदाराला न ओळखणारा माणूस सापडलाच, तर तो नक्की कालच्या गाडीनं उतरलेला असणार! दिवसभर यंत्रमाग आणि उरलेला वेळ इथल्या खानदेशी लोकांच्या देवीचं, कानबाईचं उत्सव मंडळ, असा लोटूचा संसार. मंडळाचा रबरी शिक्का कायम शर्टाच्या खिशात. त्यामुळे त्याच्या एकूण एक शर्टाला छातीवर जांभळा डाग होता. त्याची बायको शोभाबाई धुणं आपटताना म्हणायची, "लोकेसना जीव छातीमा ऱ्हास, तुमना शिक्का ऱ्हास!"

आणि प्लेगची गोष्ट! ती ऐकल्याशिवाय लोटूच्या तावडीतून कुणी सुटलेलं नाही. प्लेगच्या साली अर्धं सुरत गावाकडे पळालं. लोकांनी पोरं उचलली, गाठोडी उचलली. लोटूनं मंडळाचा गल्ला उचलला! गावी तो डबा उशाशी घेऊन झोपला, आणि परत आल्यावर चारचौघांत उघडून दाखवला, तर वाणीसुद्धा घेईना असं झिजलेलं आठ आण्याचं नाणं जागच्या जागी. "दुसरा असता तर निदान ते नाणं तरी बदललं असतं!" असं म्हणून लोटू गोष्ट संपवायचा आणि समोरच्याकडे बघत राहायचा. समोरचा "खरंय बुवा" म्हणेपर्यंत गडी जागचा हलत नसे. माणसाला काहीतरी मिरवायला लागतंच हो. कुणी सोनं मिरवतो, कुणी साडू फौजदार असल्याचं. लोटूकडे हे एकच होतं, आणि ते त्याला जिवापलीकडे होतं.

तर त्या वर्षी श्रावणात रिंगरोडच्या कापड मार्केटातल्या एका शेठनं कानबाईसाठी अकरा हजारांचा चेक दिला. मंडळाच्या जन्मातला पहिला चेक! मंडळाच्या नावाचा, कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा मारलेला. म्हणजे पैसे मंडळाच्याच खात्यात पडायचे, दुसरीकडे कुठे नाही. मंडळाचं खातं नाक्यावरच्या बँकेत होतं. पण त्यातून पैसे काढायला सह्या दोन, खजिनदाराची आणि अध्यक्षांची. आणि अध्यक्ष काशिनाथ आप्पा दर श्रावणात निंदणी उरकायला गावी जायचे, ते कानबाई बसायच्या आदल्या दिवशी उगवायचे. इकडे मांडववाला, बँडवाला आणि भांडीवाला, तिघांनाही त्याआधी रोख हवी होती.

"त्यात काय एवढं!" लोटू म्हणाला. "चेक त्याच बँकेतल्या माझ्या खात्यात टाकतो. तिथं सही एकच, माझी. वटला की काढले, वाटले, आणि आप्पा आले की हिशेब पुढ्यात!"

"पण पैसा मंडळना शे ना?" शोभाबाईनं विचारलं.

"मंडळाचा पैसा माझ्या खात्यात म्हणजे तिजोरीत! अगं, प्लेगच्या साली..."

"माहीत शे," शोभाबाई म्हणाली आणि भाकरी थापायला लागली.

सोमवारी लोटूनं चेकच्या पाठीवर सही केली, खिशातला शिक्का उमटवला आणि काउंटरवर गायत्रीबेनसमोर ठेवला. गायत्रीबेननं चेक उलटा केला, सुलटा केला. "लोटूभाई, हा मंडळाच्या नावाचा आहे. तुमच्या खात्यात कसा टाकू?"

"बेन, मंडळ म्हणजे कोण? मीच ना!"

गायत्रीबेननं मानेनंच मॅनेजरच्या केबिनकडे विचारलं. मॅनेजर देसाईसाहेबांनी प्लेगची गोष्ट एकदा नाही, चारदा ऐकलेली. त्यांनी आतूनच हात हलवला, "लोटूभाई छे ने? नाखी दो!"

झालं, टाकला. लोटू छाती पुढे काढून घरी गेला.

शुक्रवारी पिशवी घेऊन पैसे काढायला गेला, तर गायत्रीबेन त्याच्याकडे बघेचना. शेवटी म्हणाली, "लोटूभाई, चेक वटला. पण खात्यात काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"भूपेंद्रभाईंच्या रिक्षाच्या कर्जाला तुम्ही जामीन आहात ना? हप्ते थकलेत. तुमच्या खात्यात रक्कम दिसली, साहेबांनी ती कर्जात वळती केली."

भूपेंद्र म्हणजे शोभाबाईचा धाकटा भाऊ. दोन वर्षांपूर्वी "दाजी, फक्त एक सही!" म्हणून आला होता, आणि लोटूला सही करायला कुठंही आवडायचं. लोटू धावतच गोडादऱ्याच्या रिक्षास्टँडवर गेला. भूपेंद्र नव्या मखमली सीटवर पाय पसरून टेपवर गाणी ऐकत पडला होता.

"हप्ते का नाही भरले रे?"

"दाजी, टेप बसवला ना! टेप नसला तर आजकाल पॅसेंजर बसत नाही."

"अरे, मंडळाचे पैसे गेले! कानबाईचे!"

भूपेंद्र ताडकन उठून बसला. थोडा विचार करून म्हणाला, "म्हणजे रिक्षाचं कर्ज फिटलं?" असं म्हणताना त्याच्या तोंडावर जो आनंद पसरला, तो लोटूला जन्मभर विसरता येणार नाही.

शनिवारी सकाळच्या भुसावळ गाडीनं आप्पा उतरले. लोटूनं त्यांना स्टेशनवरच सगळं सांगितलं. सांगताना रडू यायला लागलं. पैशाचं नव्हे हो, पैसे त्यानं माग विकूनही भरले असते, पण माग कारखान्याच्या मालकाचा होता! रडू येत होतं ते एवढ्यासाठी, की आता लोक काय म्हणतील? आप्पांनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "बँकेत चल. दुपारी बंद होईल."

भूपेंद्रच्याच रिक्षातून सगळे निघाले. लोटू, आप्पा, आणि मागे राहायला साफ नकार दिलेली शोभाबाई. भूपेंद्रनं सवयीनं मीटर पाडलं. शोभाबाईनं नुसतं बघितलं, त्यानं परत वर केलं.

देसाईसाहेबांनी चहा मागवला. निम्मे खातेदार मराठी, त्यामुळे त्यांना मराठी छान यायचं, फक्त तापले की गुजराती निघायचं. "आप्पा, मला वाईट वाटतं," ते म्हणाले. "पण बँकेची चूक नाही. लोटूभाई तुमचे खजिनदार. त्यांनी तुमच्या भल्यासाठी, तुमच्या भरवशावर चेक आपल्या खात्यात टाकला. म्हणजे मंडळानंच टाकला. पुढं तो पैसा कर्जात गेला, त्याला बँक काय करणार?"

"पण चेकवर नाव मंडळाचं होतं!" आप्पा म्हणाले.

"होतं. पण माणूस प्रामाणिक होता ना!" देसाईसाहेब आता समजूत घालायच्या भरात आले. "हां, लोटूभाईंनी अफरातफर केली असती, तुमच्या पाठीमागे मंडळाचा पैसा पळवला असता, तर गोष्ट वेगळी. मग तुम्ही म्हणाला असता, मंडळाच्या नावाचा चेक या माणसाच्या खात्यात घेतलाच कसा? वर बँकेनं आपलंच कर्ज त्यातून वसूल केलं! मग तर आम्ही पुरते अडकलो असतो. सगळे पैसे परत द्यावे लागले असते. पण सुदैवानं लोटूभाई तसे नाहीत!"

आप्पांनी हळूच मान वळवून लोटूकडे बघितलं. शोभाबाईनं बघितलं. दारात उभ्या भूपेंद्रनंसुद्धा बघितलं.

पहिली बोलली शोभाबाई. "साहेब, माझा नवरा चोर आहे."

"काय?" देसाईसाहेबांचा चहा सांडला.

"पक्का चोर! माझ्या डब्यातले पैसे नेतो आणि विडी ओढून येतो. माहेरून आलेला गूळ याच्यापासून लपवून ठेवावा लागतो!"

"गूळ वेगळा, बेन!"

"मला तर आधीपासूनच संशय होता," आप्पा म्हणाले आणि त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. आप्पांना खोटं बोलताना खिडकी लागायची.

"दाजींची नजर चांगली नाही," भूपेंद्रनं दारातून भर घातली. याला मात्र कुणी विचारलं नव्हतं!

देसाईसाहेब खुर्चीतून उठले. "अरे, शुं बोलो छो तमे लोको! या देवमाणसाला चोर म्हणता? लोटूभाई, तुम्ही सांगा. तमे तो सज्जन माणस छो!"

लोटूला भरून आलं. इतक्या वर्षांत इतक्या पोटतिडकीनं त्याची बाजू कुणी घेतली नव्हती. आणि घेतली कुणी? ज्यानं पैसे बुडवले त्यानं! उठून त्यांचे हात धरावेत असं त्याला वाटलं. पण उद्या कानबाई बसायची होती. बायांनी नैवेद्याच्या रोटांचे गहू दळून ठेवले होते. शोभाबाईनं टेबलाखालून त्याचा पाय दाबला.

"साहेब," लोटू टेबलाकडे बघत म्हणाला, "मी चोर आहे."

"अशक्य! प्लेगच्या साली आठ आण्याचं नाणंसुद्धा तुम्ही..."

लोटूनं डोळे मिटले. "ती गोष्ट खोटी आहे, साहेब. ते नाणं मी बदललं होतं."

आयुष्यात पहिल्यांदा तो इतकं मोठं खोटं बोलला. आणि तेही आपल्या एकुलत्या एका खऱ्या गोष्टीबद्दल! आप्पांनी खिडकीबाहेरची नजर आत आणलीच नाही. देसाईसाहेब मात्र मटकन खाली बसले. "नाणंपण?" एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

मग लेखी झालं. आप्पांनी मजकूर सांगितला, लोटूनं लिहिला. मंडळाच्या नावाचा चेक मी मंडळाला न विचारता, अधिकार नसताना, स्वतःच्या खात्यात जमा केला. शब्दन् शब्द खरा होता, आणि तरी वाचून बघितलं की आपण थेट तुरुंगातच बसलोय असं लोटूला वाटत होतं. खाली सही केली आणि सवयीनं शिक्काही मारला. देसाईसाहेबांनी सुस्कारा सोडून नोंद उलटवली, पैसे मंडळाच्या खात्यात घातले. दोन सह्या झाल्या, आणि बँकेचं शटर खाली यायच्या आत गायत्रीबेननं रोख मोजून दिली.

रविवारी कानबाई थाटात बसली. बँड वाजला, रोट झाले, खीर-पुरणपोळीची पंगत उठली. सोमवारी विसर्जनाला निघालेल्या म्हाताऱ्या बायांना तापीवर नेण्या-आणण्याचं काम फुकटात कुणी केलं, हे सांगायला नकोच. कर्ज पुन्हा जिवंत झालं होतं, आणि रिक्षाची रोजची कमाई आता शोभाबाईच्या डब्यात जात होती. टेपसुद्धा तिनं काढून विकायला लावला.

मंगळवारी मारुतीच्या ओट्यावर मंडळाची बैठक बसली. हिशेब पैशापैशानं जुळला. तेव्हा लोटू उठून उभा राहिला. "माझी एकच विनंती आहे. बँकेत मी काय लिहून दिलं ते सगळ्यांना माहीत आहे. आता मंडळानं ठराव करावा की लोटू खजिनदार प्रामाणिक आहे. लेखी."

"करायलाच पाहिजे!" सगळे एकदम ओरडले. निंबा टेलरनं तर दोन्ही हात वर केले. आप्पांनी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं, "सर्वानुमते" एवढं लिहिलं, आणि पेन थांबलं.

"काय झालं आप्पा?"

"लोटू, हे उद्या बँकेच्या हाती लागलं तर?"

निंबा टेलरचे हात हळूहळू खाली आले.

"आपण त्यांना लिहून दिलंय की तू चोर. तू प्रामाणिक निघालास, तर बँक पैसे परत मागेल. आणि पैसे तर कानबाईला खर्च झाले!" आप्पांनी "सर्वानुमते" खोडलं. "मनातून आम्ही सगळे जाणतो रे. पण लेखी नाही जमायचं."

लोटूनं मान हलवली. खिशातून शिक्का काढला, शर्टाला पुसला आणि आप्पांच्या पुढ्यात ठेवला. "मग खजिनदार तरी दुसरा बघा. चोराला कसं ठेवता?"

आप्पा काही बोलणार तोच बायकांतून शोभाबाईचा आवाज आला.

"ठेवा तो शिक्का खिशात! दुसरा कुणी प्रामाणिक आणून बसवला, आणि परत असं काही झालं, तर बँक एक पैसा द्यायची नाही!"

ठराव टाळ्या वाजवून मंजूर झाला. तेवढा मात्र आप्पांनी लिहिला नाही.