लुगडं नेसून तरंगणारे रशीदचाचा

मुडदा शिंकताना तुम्ही कधी पाहिला आहे का?

मी पाहिला आहे. भर दुपारी बारा वाजता, कामरगावच्या शिवारात, किसनरावांच्या शेततळ्यात. वारा बंद, पाखरूसुद्धा गप्प. काळ्या पन्नीवर साचलेलं पाणी, मधोमध पसरलेलं हिरवं लुगडं आणि लुगड्याच्या वरच्या टोकाला पांढरी दाढी. डोळे उघडे, आभाळाकडे लागलेले. मी किंचाळणार तेवढ्यात मुडदा शिंकला आणि म्हणाला, "बेटी, किती वाजले?"

हे आमचे शेजारी रशीदचाचा. धंदा गाद्या भरण्याचा. चार वर्षांपूर्वी अनसिंगहून इथे राहायला आले. का आले, ते कोणी विचारलं नाही.

शेततळं तुम्ही पाहिलं असेल. चारही बाजूंनी उतार आणि उतारावर गुळगुळीत प्लास्टिकची पन्नी. आत जायला एक चुकीचं पाऊल पुरतं. बाहेर यायला धरायला काहीच नसतं. आमच्याकडे पोट्टे विहिरीत उड्या मारून पोहायला शिकतात. बाया धुणं धुतात, पाणी नेतात, पण पोहत नाहीत. कोणी बुडाली की लोक म्हणतात, आसरांनी ओढलं. साती आसरा पाण्यात राहतात, दुपारी बाराला वर येतात, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे.

चाचांचं म्हणणं वेगळं. "बाई का पोहाचे कपडे घालून घसरते? ज्या कपड्यात कामाले जाते त्याच कपड्यात पडते नं! पान्याले जात नसते बेटी, कपड्याले असते." म्हणून ते प्रत्येक समाजाच्या घरून कपडे मागून आणतात, नेसतात आणि पाण्यावर उताणे पडून राहतात. लुगडं, बुरखा, पोहरादेवीकडच्या तांड्यावरून आणलेला काचांचा घागरा. मग कपडे धुऊन, इस्त्री करून परत देताना दारातच निकाल सांगतात.

"वैनी, तुमच्या लुगड्यात मी दोनदा मेलो. कास्टा सुटला का पायाले गुंडाळते. पयले तो मोकळा कराचा. बुरख्यात घडीभर हवा राह्यते, तेवढ्यात उतानं व्हाचं. घागरा मात्र लय भारी. त्यातून तर कबरीतून उठल्यावानी उठलो."

वहिनी लुगडं घेत आणि चाचा वळताच त्यावर गोमूत्र शिंपडत. पण पायाला काय गुंडाळतं, ते विसरत नसत.

किसनराव वैतागले होते. "चाचा, माह्या तळ्यात मुर्दे नोका पाडू बाप्पा! मजूर येऊन नाही राह्यले. आसरा कोपन."

"काहून कोपन? आसरा बाया आहेत नं? पयल्यांदा एक मानूस बायाइसाठी पान्यात उतरला. त्याइले तर मीच आवडून राह्यलो."

विनोद सोडला तर चाचांना एकच गोष्ट हवी होती: पाण्यावर पडायला शिकलेली एक बाई. परक्या बाईला ते हात लावून शिकवू शकत नव्हते, आणि कोणी शिकूही दिलं नसतं. एक शिकली की ती बाकीच्यांना शिकवील. दर शुक्रवारी नमाजानंतर ते दवंडी दिल्यासारखे गल्लीतून सांगत फिरायचे. तळ्याभोवती चादरींचा आडोसा बांधायचे. बाया आडोशापर्यंत यायच्या, हसायच्या, परत जायच्या. आत चाचा एकटेच तरंगत राहायचे.

मी संतापून पत्रक लिहिलं: 'पोहणे हा प्रत्येक स्त्रीचा हक्क आहे!' चाचांनी ते चष्मा लावून पुरतं वाचलं.

"झकास लिवलं. तुले येते काय पोहता?"

मी नकारार्थी मान हलवली.

"मंग हे कोनासाठी लिवलं?"

पुढच्या शुक्रवारी मी सलवार-कमीज घालून आडोशाच्या आत गेले. माझ्या कमरेला दोर. त्याचं दुसरं टोक काठावरच्या खांबाला वेढा घालून चाचांच्या हातात. ते पाठमोरे उभे राहिले. बाहेर बायांची कुजबुज थांबली. पन्नीवरून पाय सटकला आणि खालची जमीनच संपली. मी हात झाडले, नाकात पाणी गेलं. काठावरून आवाज आला, "झगडू नको! मेल्यावानी पड, जिती राह्यशीन!"

मी डोकं मागे टाकलं. कान पाण्याखाली गेले आणि जग बंद झालं. वर पांढरं आभाळ, खाली अथांग काळं. त्या शांततेत एक आवाज फार लांबून, तळातून आल्यासारखा येत होता.

"घाबरू नको जुबेदा. मी हाओ इथं. पड, तशीच पड."

माझं नाव जुबेदा नाही.

मी पडून राहिले. किती वेळ, सांगता येत नाही. चाचांनी दोराने मला काठाशी ओढलं, तेव्हा बाहेरून एक वहिनी चादर बाजूला सारून पाहत होती.

"चाचा, जुबेदा कोण?" मी विचारलं.

ते पाठमोरेच दोर गुंडाळत राहिले. "माही घरवाली. अनसिंगचे सारे पोट्टे म्या पोहाले शिकवले बेटी. तिनं दोनदा म्हटलं, मलेही शिकवा. म्या म्हटलं, बाईमानसाले कायले पाह्यजे? मंग एक दिवस तिले पान्यातून काढलं."

मग त्यांनी आडोशाकडे तोंड करून हाक मारली, "या वैनी, पुढचा नंबर तुमचा. हे बेटी शिकवते तुमाले."

वाचणाऱ्या भावा, बाबा, नवऱ्या, आज घरी गेलास की घरातल्या बाईला एवढंच विचार: तुला पाण्यावर पडता येतं का? नाही म्हणाली, तर कारणं सांगत बसू नकोस. शिकवणारं माणूस शोध, कमरेला दोर बांध, तिला शिकू दे. आणि तिने कधी स्वतःहून मागितलं असेल, तर उद्याच.