नामचीन

पुंडलिकनगरच्या भाजीवाल्या मावशींनी हमीद सरांना विचारलं, "काय देऊ?" सर म्हणाले, "वांगी. पण ही ताजी आहेत, टवटवीत आहेत, बरी आहेत की नुसतीच ओली केलेली?" मावशी म्हणाल्या, "सर, घ्या नायतर सोडा. मागं लई गिऱ्हाईक हाय." सरांनी वांगी घेतली, पण त्यांचं समाधान झालं नव्हतं.

हमीद सर आमचे शेजारी आणि माझे इंग्रजीचे शिक्षक. रिटायर झाल्यावर ते बँकेच्या परीक्षेतले रिकाम्या जागांचे प्रश्न घरीच शिकवत. वाक्यात एक जागा मोकळी, खाली चार शब्द, त्यातला एकच बरोबर. आम्ही अंदाजपंचे खूण करायला लागलो की सर पेनच काढून घ्यायचे. "बेटा, चुकीच्या शब्दाला घाबरू नको, तो ओळखू येतो. जवळच्या शब्दाला घाबर. तो दोस्त बनून येतो." चाचींनी "चाय गरम है" म्हणून कप ठेवला, तर एक घोट घेऊन सर म्हणायचे, "कोमट." चाची आमच्याकडे बघून सुस्कारा सोडायच्या, "निकाह के वक्त इनको चार ऑप्शन देना था. मैं बच जाती."

फक्त एक प्रश्न सर टाळायचे. पर्यायांत 'फेमस' आणि 'नटोरियस', म्हणजे कुप्रसिद्ध, असे दोन्ही आले की ते सरळ पान उलटायचे. त्याचं कारण मला चाचींनीच सांगितलं.

सरांची शाळा उर्दूत सुरू झाली. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं, शाळा मराठी झाली, तसे सरही झाले. पुढं पाचोडला शिक्षक म्हणून लागले. तिथले दिगंबर मास्तर त्यांचे जिवलग. सरांचं मराठी घासूनपुसून घेतलं ते त्यांनीच. मग कुणीतरी मास्तरांविरुद्ध खोटी तक्रार केली आणि त्यांची वैजापूरला बदली झाली. निरोपाच्या सभेत सर उठून म्हणाले, "दिगंबरराव या तालुक्यातले नामचीन शिक्षक आहेत."

उर्दूत नामचीन म्हणजे नामवंत. मराठीत नामचीन असतात ते गुंड. सभेत हशा पिकला. मास्तरांनी गळ्यातला हार टेबलावर ठेवला आणि ते निघून गेले.

त्याला वीस वर्षं होऊन गेली, तरी सरांचं माफीचं पत्र काही पुरं होत नव्हतं. एकदा त्यांनी मला विचारलं, "खेद, दिलगिरी, माफी, क्षमा. यातलं कोणतं लिहू?"

"सर, कोणतंही लिहा. अर्थ एकच."

"तू माझी विद्यार्थिनी ना गं?" ते म्हणाले आणि त्यांनी कागद घडी करून ठेवला. माझी परीक्षा तोंडावर होती. मी हसले आणि विसरून गेले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते. तिथंच बसून ते पत्र पुरं करून घ्यायला हवं होतं आणि त्याच दिवशी पेटीत टाकायला हवं होतं.

पुढं मी बँकेत लागले, आणि नेमणूक मिळाली वैजापूरला. बदलीनंतर मास्तरांनी तिथंच घर केलं होतं. मी सरांना म्हटलं, पत्र राहू द्या, तुम्हीच चला. सर नवा सदरा घालून आले. रस्ताभर ओठ हलत होते, मला काही ऐकू येत नव्हतं.

दार मास्तरांच्या बायकोनं उघडलं. मास्तर गेल्या दिवाळीनंतर वारले होते. सर उंबऱ्यातच उभे राहिले.

"वहिनी, मी हमीद. पाचोडचा. माझ्याकडून तेव्हा..."

"अगं बाई, भावजी!" वहिनींनी त्यांना पुढं बोलूच दिलं नाही. "आत या आधी. किती वाट बघितली तुमची! हे म्हणायचे, हमीद इतकं मायेनं बोलला अन् मी हार काढून ठेवला. त्याला काय म्हणायचंय ते मला कळत नव्हतं व्हय? त्याला मराठी मीच शिकवलं. तेवढा एक शब्द सांगायचा राहिला, ती चूक माझी. आता कोणत्या तोंडानं जाऊ त्याच्याकडं?"

सर भिंतीला टेकून खालीच बसले. वहिनींनी पाणी आणलं, ते तसंच राहिलं. डोळे वाहत होते आणि सर पुन्हा पुन्हा एवढंच विचारत होते, "अजून काय म्हणायचा तो?"