आतली कडी

बारक्याने तापाच्या औषधाची बाटली भिरकावली ती नेमकी मोरीच्या उंबऱ्यावर जाऊन फुटली. लाल पाक फरशीभर पसरला, काचांचा सडा पडला, आणि त्या काचांतून टाचा उंच करत किल्लीवाला पोराला उचलायला धावला. बारक्या तीन वर्षांचा. अंगाला हात लावला तर चटका बसत होता, पण फेकाफेकीची ताकद तापातही शाबूत होती. त्याची ताई सहा वर्षांची. तिचाही ताप पुरता गेला नव्हता, पण उतरणीला लागला होता. ती पलंगावर मांडी घालून बसली होती.

"आई आधी बाटली लपवते, मग चमचा दाखवते," ती म्हणाली. "तुम्ही उलटं केलंत."

किल्लीवाल्याने उत्तर दिलं नाही, कारण देता येत नव्हतं. पोरांच्या उशाशी बसून बसून त्यांचं दुखणं त्याच्याही घशात उतरलं होतं. सकाळपासून आवाज बसला होता. तोंड उघडलं की नुसती खरखर बाहेर यायची.

एरवी बाटली फुटली तर माणूस दोन शिव्या घालून फरशी पुसतो. इथे तसं नव्हतं. गेल्या वर्षी अशाच तापात बारक्याला आकडी आली होती. डोळे फिरले, दातखीळ बसली, हातपाय लाकडासारखे ताठ. किल्लीवाल्याने आयुष्यात तितकी भीती त्याआधी कधी अनुभवली नव्हती. डॉक्टरीणबाईंनी तेव्हा बजावलं होतं, ताप चढू द्यायचा नाही, चढला तर थांबायचं नाही. आज बायकोची रजा संपली होती. ती बाटल्यांच्या कारखान्यात यंत्रावर होती आणि तिथे फोन फाटकावरच जमा करून घेत. जाताना चपलेत पाय सरकवत ती म्हणाली होती, "याचा ताप चढू देऊ नका, एवढंच बघा. बाकी घर पसरलं तरी मी काही बोलणार नाही."

त्याने औषधाच्या दुकानात फोन लावला. दुकानदाराला ती खरखर कळायला वेळ लागला, पण शेवटी त्याने माणूस पाठवला. माणूस आला आणि अर्ध्या जिन्यातच थांबला.

"तुमच्याकडे साथ आहे ना?" तो खालून ओरडला. "माझ्या घरी तान्हं बाळ आहे. बाटली इथे पायरीवर ठेवतो. तुम्ही या न् घेऊन जा."

आणि तो गेलाही. किल्लीवाला तोंडाला फडकं, डोक्याला मफलर अशा अवतारात बाहेर आला, भराभर पायऱ्या उतरला, बाटली उचलली आणि वळला. तेवढ्यात वर दार लागलं. मागोमाग आतली कडीही सरकली. तिचा आवाज झाला नाही, कारण दर रविवारी तो तिला स्वतः तेल घालत असे. फक्त दाराची फळी किंचित आत ओढली गेली, आणि ते त्याच्या नजरेने बरोबर टिपलं.

आता या दाराविषयी सांगायला हवं. दुसऱ्यांची कुलपं उघडण्यात ज्याची उमर गेली, त्याचा जगातल्या कुठल्याच कुलपावर विश्वास उरत नाही. किल्लीवाल्याचं तसंच झालं होतं. आपण जे हेअरपिनेने उघडतो ते चोर काय फुंकर मारून उघडेल, असं त्याला वाटे. म्हणून घराच्या दाराला त्याने आतून पोलादी पत्रा मारला, खाली फटीला लोखंडी पट्टी बसवली, खिडक्यांना दुहेरी गज लावले आणि एक अशी कडी घडवली की जिला बाहेरून भोकच नाही. "ही आतून लागली की बाहेरून मलासुद्धा उघडायची नाही," असं तो चारचौघांत मोठ्या अभिमानाने सांगत असे.

एवढ्यावर भागलं असतं तर तो समंजस माणूस म्हणता आला असता. पण कडी लावणार कोण? लेक. म्हणून त्याने लेकीची तयारी करून घेतली. दार उघडं दिसलं की ताबडतोब लावायचं. मग तो स्वतः बाहेर जाऊन आवाज बदलून दार वाजवायचा. कधी मीटर बघणारा व्हायचा, कधी शाळेतला शिपाई. एकदा बायकी आवाज काढून "मी तुझी मावशी" म्हणाला होता. एकदा मात्र घोगऱ्या आवाजात "अगं, मी बाबाच आहे, घसा बसलाय" म्हणाला. पोरीने आनंदाने दार उघडलं. त्या दिवशी तो तिला इतकं बोलला की ती जेवली नाही. चोर असंच बोलतो, त्याने तिला सांगितलं. चोर गयावया करतो, चोर म्हणतो परीक्षा संपली. उघडायचं नाही.

किल्लीवाल्याने दारावर थाप मारली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "अगं, मी बाबाच आहे. घसा बसलाय."

आत पावलं दाराशी आली. मग ताईचा आवाज आला, अगदी ठाम. "नाही उघडणार."

"अगं, खरंच मी आहे! औषध आणलंय!"

"बाहेरच्या माणसाकडून औषध घ्यायचं नाही."

त्याने फडकं काढलं, मफलर काढला आणि दारातल्या भिंगासमोर तोंड नेलं. आत स्टूल सरकल्याचा आवाज झाला. भिंग त्यानेच बसवलेलं होतं, स्वस्तातलं, आणि त्यातून कुणाचंही नाक दुधीभोपळ्याएवढं दिसे. स्टूल परत मागे सरकलं.

खरखर ऐकून समोरच्या काकू बाहेर आल्या. प्रकार कळल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. खालच्या मजल्यावरच्या सुताराला हाक गेली. तो हातोडा आणि पटाशी घेऊन, तोंडातला घास चावतच वर आला.

"दार ना? आत्ता खिळखिळं करतो." त्याने पटाशी लावून एक घाव घातला. पटाशीचं टोक तुटून काकूंच्या पायापाशी पडलं. सुताराने दाराकडे आदराने पाहिलं. "आयला! हे दार केलं कुणी?"

"तूच," किल्लीवाला कुजबुजला.

"हां, तरीच म्हटलं." सुताराचा चेहरा क्षणभर उजळला. मग त्याला प्रसंगाचं भान आलं. "पत्रा तुमचा. माझं नुसतं लाकूड असतं तर कधीच फुटलं असतं."

त्या घावाने आत मात्र हाहाकार उडाला होता. ताई किंचाळली, बारक्या दचकून रडायला लागला. पाठोपाठ काहीतरी जड ओढल्याचा आवाज येऊ लागला. आधी स्टूल दाराला लागलं, मग जेवणाचं टेबल. किल्लीवाल्याने हेही शिकवलं होतं. चोराने दार तोडायला घेतलं तर घरातलं जे ओढता येईल ते दाराला लावायचं. एवढी गुणी विद्यार्थिनी कुणा मास्तराला मिळाली नसेल. त्या घटकेला मात्र आपली पोरगी थोडी मठ्ठ निघाली असती तर बरं झालं असतं, असं त्याला मनापासून वाटलं.

"दुसरा किल्लीवाला बोलवू या," काकू म्हणाल्या. जिन्याच्या भिंतीवर एक जाहिरात चिकटवलेली होती: कुठलंही कुलूप, कुठल्याही वेळी उघडून मिळेल. काकूंनी चष्मा लावून नंबर फिरवला. आत, घरात, फोन वाजू लागला.

"तो माझाच आहे," किल्लीवाल्याने डोळे मिटून घेतले.

पण आत ताईने फोन उचलला होता. बाबा कामात असले की फोन तीच उचलायची. "बाबा आत्ता येऊ शकत नाहीत," ती नेहमीच्या सुरात म्हणाली. "बाबा दाराबाहेर उभे आहेत. माझी परीक्षा घेतायत."

काकूंनी फोन कानापासून दूर धरला आणि किल्लीवाल्याकडे पाहिलं. "अहो, तिला माहितेय तुम्ही आहात ते!" मग फोनमध्ये, मऊ आवाजात, "बाळा, मी समोरची काकू. परीक्षा नाहीये गं. उघड दार."

"बाबा म्हणाले, काकूंनी सांगितलं तरी उघडायचं नाही. काकूंना कुणीही गंडवतं."

"असं म्हणालात तुम्ही?"

किल्लीवाल्याने दोन्ही हात जोडले. काकू दुखावल्या होत्या, पण बाई मोलाची. राग त्यांनी पुढच्या वेळेसाठी राखून ठेवला. सुताराला त्यांनी डॉक्टरीणबाईंना आणायला पिटाळलं. इथे किल्लीवाला कुजबुजायचा आणि त्या फोनमध्ये मोठ्याने सांगायच्या. "फडकं ओलं कर. पिळ. आता त्याच्या अंगावरून फिरव. हो, पोटावरून पण."

"फिरवतेय," ताई म्हणाली. दार सोडून ती सगळं ऐकत होती. "काकू, तो रडत नाहीये आता."

"शहाणा आहे. झोपला असेल."

"नाही. डोळे उघडे आहेत. पण तो माझ्याकडे बघत नाहीये." थोडं थांबून ती म्हणाली, "त्याचा हात उडतोय. मी धरलं तरी उडतोय."

काकूंनी हे मोठ्याने सांगितलं नाही. गरजही नव्हती. किल्लीवाल्याने त्यांच्या हातून फोन ओढून घेतला. त्याला सांगायचं होतं की बारक्याला कुशीवर वळव, तोंडात काही घालू नकोस, बोट तर मुळीच नको, घाबरू नकोस, बाबा इथेच आहे. सगळं जिभेवर होतं. पण घशातून शब्दच फुटेना. जिन्यात पायरीवर बसून, एका हातात लाल औषधाची न फोडलेली बाटली धरून, तो रडायला लागला. मोठा माणूस आवाज नसताना रडतो ते ऐकायला फार वाईट असतं. काकूंनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

ते रडणं फोनमधून आत ऐकू गेलं.

"बाबा?" ताई म्हणाली.

त्याने फोन कानाला घट्ट धरला.

"परीक्षेत तुम्ही कधी रडत नाही."

फोन खाली ठेवल्याचा आवाज आला. मग आतून टेबल ओढलं जाऊ लागलं. तापातून उठलेली पोर ती, मघाशी भीतीच्या जोरावर ओढलेलं टेबल आता हलता हलत नव्हतं. ओढणं, थांबणं, धाप, पुन्हा ओढणं. बाहेर किल्लीवाला दाराला दोन्ही तळवे लावून उभा होता, आणि त्याला करण्यासारखं काहीही नव्हतं. मग फळी किंचित बाहेर सैलावली आणि दार उघडलं.

तो लेकीला ओलांडून आत धावला. बारक्याला कुशीवर वळवलं, गळ्याशी आलेलं कापड सोडवलं आणि त्याच्याजवळ जमिनीवर गुडघे टेकून बसून राहिला. त्या थोड्या वेळात किल्लीवाल्याने काय काय कबूल केलं आणि कुणापाशी, ते त्याचं त्यालाच ठाऊक. मग झटके थांबले. बारक्याने एक खोल श्वास घेतला, भोकाड पसरलं, आणि त्या घरात इतकं गोड रडणं पूर्वी कुणी ऐकलं नव्हतं. डॉक्टरीणबाई धापा टाकत आल्या, त्यांनी तपासलं, औषध दिलं, पोर पुरतं भानावर येईपर्यंत बसून राहिल्या. धोका नाही म्हणाल्या. मग किल्लीवाल्याच्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "आणि तुम्ही कशाला उभे आहात? तुम्हाला त्या दोघांपेक्षा जास्त ताप आहे."

बायकोला निरोप पोचला तो पाळी सुटताना, आणि तोही मोडकातोडका: घरी दाराचं काहीतरी झालंय. ती धावतच जिना चढली. बघते तर दार सताड उघडं. उंबऱ्यापासून मोरीपर्यंत लाल पाकाचे ठसे, काचा कोपऱ्यात लोटलेल्या, टेबल वाटेत आडवं. आणि पलंगावर तिघं एकमेकांवर हातपाय टाकून गाढ झोपलेले. तिने आधी बारक्याच्या अंगाला हात लावला. अंग कोमट होतं. मग तिला राग यायला मोकळीक मिळाली.

"अहो!" तिने नवऱ्याला गदागदा हलवलं. "शुद्ध आहे का काही? आजारी पोरं घरात, आणि दार टाकलंय उघडं! कुणीही घुसलं असतं! एवढ्याशा पोरीला येता-जाता पढवता, आणि स्वतः काय करता?"

किल्लीवाल्याने डोळे उघडले. सांगण्यासारखं खूप होतं. त्याने तोंड उघडलं, आणि नुसती हवा बाहेर आली.

"बोलू पण नका!" म्हणत ती तरातरा दाराकडे गेली आणि तिने कडीला हात घातला.

"आई, राहू दे," ताई झोपेतच पुटपुटली. तिने बापाच्या छातीवरचा हात हलवला नव्हता. "नको लावूस. बाबा घाबरतात."