प्रमाणित रुग्ण पाहिजे

डासांपासून होणाऱ्या तापांची जुनी रक्तचाचणी आरोग्य खात्याने रद्द केली आणि दुसऱ्याच दिवशी शहरातल्या रुग्णांची संख्या शून्यावर आली. रद्द करण्याचं कारण रास्त होतं. घाबरलेल्या साक्षीदारासारखी ती चाचणी विचाराल त्याला हो म्हणायची. डेंग्यूलाही हो, चिकुनगुन्यालाही हो. पण यश इतक्या झटपट येईल याची खुद्द खात्यालाही कल्पना नव्हती. ज्या तापाला मान्य चाचणी नाही, त्याचा रुग्ण नोंदवता येत नाही, हे कुणाच्या ध्यानात येईपर्यंत खात्याला तापमुक्तीची मानाची ढाल मिळून गेली होती. आणि मिळालेली ढाल परत करण्याची पद्धत नाही.

नवी चाचणी तयार करण्याचं काम खात्याच्याच प्रयोगशाळेतल्या एका बाईंकडे होतं. बाई मन लावून काम करणाऱ्या, हा त्यांच्यातला मोठा दोष. कितीतरी वर्षं खपून त्यांनी बोटभर लांबीची एक कागदी पट्टी तयार केली. रक्ताचा थेंब टाकायचा, चहा होईपर्यंत थांबायचं. डावीकडे रेघ उमटली तर डेंग्यू, उजवीकडे उमटली तर चिकुनगुन्या. दोन्ही तापांत अंग सारखंच ठणकतं, पण सांध्यांसाठी दिली जाणारी जोरकस वेदनाशामक गोळी डेंग्यूत घेतली तर रक्तस्राव होऊन माणूस दगावू शकतो. त्यामुळे त्या रेघेवर कुणाचा तरी जीव अवलंबून होता.

पट्टी मंजुरीसाठी खात्याच्या मोठ्या साहेबांकडे गेली. साहेबांनी ती उजेडात धरून पाहिली, फार कौतुक केलं, आणि ती प्रमाणित रुग्णांच्या रक्तावर पडताळून आणायला सांगितलं.

"रुग्ण प्रमाणित कोण करणार?" बाईंनी विचारलं.

"मान्यताप्राप्त चाचणी."

"ती तर एकही नाही, साहेब. तीच मंजूर करून घ्यायला आलेय मी."

"मग घाई करा," साहेब कळकळीने म्हणाले. "तुमची चाचणी मंजूर झाली की प्रमाणित रुग्णांचा काही तुटवडा नाही."

साहेब चेष्टा करत नव्हते. चेष्टेसाठी त्यांना वरून परवानगी घ्यावी लागली असती. बाई खाली आल्या आणि शेजारच्या रुग्णालयात गेल्या. तिथे खाटा भरून माणसं जमिनीवर आली होती, जमीन भरून जिन्यात गेली होती, आणि प्रत्येकाच्या उशाशी 'तापसदृश अवस्था' असा कागद लटकत होता. सरसकट सगळ्यांना सांध्यांच्या गोळ्या चालू होत्या. आडातच डेंग्यू नव्हता, तर पोहऱ्यात कुठून येणार?

बाईंनी पिच्छा सोडला नाही. अर्जावर अर्ज केले, तेव्हा एक समिती बसली आणि तिने तोड काढली. जो नागरिक आपल्या नावापत्त्यानिशी लिहून देईल की मला डासापासून ताप आलेला आहे, तो 'स्वयंप्रमाणित रुग्ण' समजावा आणि त्याचं रक्त पडताळणीस घ्यावं. मात्र नियमांच्या सुसंगतीसाठी अशा नागरिकाच्या दारावर 'डासोत्पत्ती स्थान' अशी पिवळी पाटी वर्षभर लावावी. समितीतल्या एकाने पाटीला दिवाही सुचवला होता, पण त्यावर एकमत झालं नाही.

बाई तसं लिहून घ्यायचा कागद घेऊन जिन्यातून फिरू लागल्या. दात वाजत असलेला एक दुकानदार पाटीचं ऐकताच उठून बसला आणि आपल्याला जरा कणकण आहे, पंख्याखाली झोपल्यामुळे, असं म्हणाला. एका आजींच्या नातीचं लग्न जमायचं होतं. एकाचं घर भाड्याचं होतं, एकाचं भाड्याने द्यायचं होतं. ज्याला त्याला ताप होता, पण तो कुणालाच आलेला नव्हता.

अशात ऐन बैठकीत साहेबांना हुडहुडी भरली. विषय होता तापमुक्तीचा वर्धापनदिन. साहेबांना घरी नेलं, डॉक्टरांनी सांध्यांच्या गोळ्या लिहून दिल्या. साहेबांनी गोळी हातात घेतली आणि ठेवून दिली. मग बाईंना फोन केला.

"ती पट्टी घेऊन जरा घरी या."

"पण ती अमान्य आहे, साहेब."

"म्हणून तर घरी बोलावतोय."

रेघ डावीकडे उमटली. बाईंनी गोळ्या कचऱ्यात टाकल्या, डॉक्टरांना पट्टी दाखवली. पुढचे काही दिवस साहेबांच्या बायकोने त्यांना भरपूर पाणी पाजलं, रक्त पुनःपुन्हा तपासून घेतलं, आणि साहेब वाचले. भेटायला आलेल्या बाईंचे हात धरून ते रडले. ते अश्रू अगदी खरे होते. हीच वेळ, असं समजून बाईंनी कागद पुढे केला.

साहेबांचे डोळे लगेच कोरडे झाले. "रक्त हवं तेवढं घ्या. पण माझ्या दारावर पाटी? तुम्हीच विचार करा, कसं दिसेल ते." कामावर रुजू झाल्यावर त्यांनी बाईंच्या प्रस्तावावर शेरा मारला: 'चाचणी उपयुक्त असावी असे वाटते, तथापि वाटण्यास पुरावा नाही.'

साहेबांच्या घरून ही गोष्ट ओळखीओळखीत पसरली. बाईंच्या दारात माणसं येऊ लागली: समितीतले सदस्य, डास निरीक्षक, पाट्या रंगवणारा ठेकेदार, आणि एकदा तर गोळ्या लिहून देणारे डॉक्टर, आपल्या मुलाला खांद्यावर घेऊन. बाई कुणाला नाही म्हणत नव्हत्या, कागद मात्र प्रत्येकापुढे ठेवत होत्या. प्रत्येकाने तो आदराने वाचला आणि परत दिला. पट्टी एकदाही चुकली नाही. बाईंच्या शीतपेटीत नाव नसलेल्या रक्ताच्या नळ्या साठत गेल्या, आणि ज्यांची कुणाशीच ओळख नव्हती ते जिन्यात सांध्यांच्या गोळ्या घेत राहिले. त्यांच्यातले काही उठले, काही उठले नाहीत. जे उठले नाहीत त्यांना तापसदृश मृत्यू आला.

बाईंचे यजमान नागरिकशास्त्र शिकवायचे. घरी जेवताना रोज त्यांचा संताप व्हायचा. एक माणूस, फक्त एक माणूस जरी छाती पुढे काढून म्हणाला ना, की हो, मी आजारी आहे, तर ही सगळी व्यवस्था कोलमडेल, असं ते ताटावर बोट आपटून सांगायचे. बाईंना ते ऐकून बळ यायचं.

मग यजमानांनाही ताप भरला. बाईंनी त्यांच्या बोटाला सुई टोचली. रेघ उमटली, डावीकडेच. बाईंनी आधी दूध-पाण्याची तजवीज केली, उशी सारखी केली, आणि मग कागद व पेन त्यांच्या हातात दिलं. यजमानांनी कागद शेवटपर्यंत वाचला. शुद्धलेखनाच्या दोन चुका दुरुस्त केल्या.

"मसुदा चांगला आहे," ते क्षीण आवाजात म्हणाले.

"खाली सही."

त्यांनी पेन परत दिलं. "अगं, आपल्या इमारतीचा चिटणीस मी. लोक काय म्हणतील? दुसरं कुणी नाही का मिळत?" आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. बाई पेन बंद करून तिथेच बसून राहिल्या. त्यांना राग आला नाही, फक्त दमल्यासारखं झालं. थोड्या वेळाने उठून त्यांनी नवऱ्याला पाणी पाजलं. यजमान बरे झाले, आणि जेवताना पुन्हा संतापू लागले.

बाई आता ही हकिगत कुणी विचारलं तर सांगतात. ऐकणारा साहेबांना हसतो, यजमानांना तर पोट धरून हसतो, या लोकांचं काही खरं नाही म्हणून हळहळतो. बाई त्याला मनसोक्त हसू देतात आणि कागद पुढे सरकवतात. ऐकणारा कागद वाचतो, घडी घालून जागच्या जागी ठेवतो, जायला उठतो. दारापर्यंत गेल्यावर मागे वळून, आवाज खाली आणून विचारतो,

"त्या पट्ट्या एक-दोन घरी ठेवायला मिळतील का हो? आपल्या ओळखीत?"